ओटीचा गहू

"वृंदा, हा निव्वळ खपली नाहीये," माटे सर म्हणाले आणि त्यांनी कागदांचा गठ्ठा सरळ माझ्या जेवणाच्या डब्यावर ठेवला. डब्याला झाकण नव्हतं. वांग्याच्या भाजीचं तेल पहिल्या तीन पानांना लागलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"कोण नाहीये, सर?"

"तुझा सतरा नंबर. बघ. हा एका घरचा गहू नाही. घरची खपली पाया म्हणून आहे आणि तिच्यात पाच ठिकाणी बाहेरचे तुकडे बसवलेत. पाच! आणि तांबेऱ्याला अडवणारा जीन यातल्या चौथ्या तुकड्यात आहे. खेड्यातल्या शेतात आपोआप असं होत नाही. हे कुणीतरी हातानं घडवलंय."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली, पण वांग्याची भाजी केली की अजून मला तो गठ्ठा आठवतो.

मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते. तिसरं वर्ष संपत आलेलं. विषय होता खपली गहू. खपली म्हणजे आपला जुना गहू, मळणी केली तरी दाणा टरफल सोडत नाही तो. कांडून काढावा लागतो. खिरीला, कुरडयांना एक नंबर. सांगली-कोल्हापूरकडे अजून घरोघर थोडा थोडा पेरतात. मी गावोगाव फिरून चाळीस घरचं बियाणं गोळा केलं होतं, प्रत्येक घरचं एक पाकीट, पाकिटावर नंबर, आणि नंबरापुढे जाड रजिस्टरात नोंद. मग हे सगळं डोंगरावरच्या आमच्या शेतात पेरलं. तिथे तांबेरा मुद्दाम सोडतात. तांबेरा म्हणजे गव्हाचा रोग, पानांवर गंजासारखी भुकटी येते आणि पीक बसतं. एकोणचाळीस ओळी लाल झाल्या. सतरा नंबरची ओळ हिरवीगार उभी राहिली. सरांनी त्या दिवशी सगळ्या लॅबला जिलबी दिली होती, आणि आमचे सर जिलबी देणाऱ्यांतले नव्हेत.

आता तेच सर माझ्यासमोर बसून चष्म्याची काडी चावत होते.

"गहू कसा असतो माहीत आहे ना तुला?" ते म्हणाले. "स्वतःच्याच परागावर फळतो. शेजारच्या रोपाकडे ढुंकून बघत नाही. शंभरात एखादं फूल वाट चुकतं. मग एका रोपात पाच घरचे पाहुणे कुठून आले? मला तर वाटतं, आपल्या संकरित बियाण्याच्या कपाटातलं कुठलंतरी पाकीट आणि तुझं सतरा नंबरचं पाकीट, यांची अदलाबदल झालीय."

"नाही सर! मी त्या कपाटाला हातसुद्धा लावला नाही."

"मग सिद्ध कर. त्या घरी जा, त्याच शेतातलं बियाणं परत आण. जुळलं तर सतरा नंबर तुझा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाही जुळलं तर आपण 'लेबलची चूक' असं लिहू आणि सतरा नंबर सोडून देऊ. तू बावीस नंबर घे. सहा महिने जास्त लागतील, पदवी मिळेल. कुणी काही विचारणार नाही. आठ दिवसांनी समिती बसतेय, त्याआधी सांग."

सर माझी सोय बघत होते. मी "हो सर" म्हणाले आणि बाहेर आले. कपाटाला मी हात लावला नव्हता हे खरं, पण सतरा नंबरच्या पाकिटात काय भरलं होतं ते फक्त दोघांना माहीत होतं. एक मी आणि दुसरे आमच्या जीपचे ड्रायव्हर, खिलारे मामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामांनी जीप काढली. कात्रजचा घाट उतरून खाली आले. मग म्हणाले, "मॅडम, त्या ओटीचं सरांना सांगितलंत का?"

"मामा, गाडी चालवा."

"चालवतोय की. गाडी चालवताना तोंड बंद ठेवा असं कुठं लिहिलंय?"

झालं होतं ते असं. दीड वर्षापूर्वी आम्ही मगदूमांच्या घरी गेलो होतो. भूपाल अण्णा मगदूम, कृष्णेकाठचे जैन शेतकरी, मोठा गडी. त्यांनी पोत्यातली दोन ओंजळी खपली काढून दिली, मी पाकिटात भरली, नंबर सतरा, नोंद केली. निघताना त्यांची बायको, हौसाक्का, मला म्हणाली, "लेकी, लगीन झालंय न्हवं? मग अशी मोकळी जाऊ नगंस." आणि तिनं माझी ओटी भरली. खण, नारळ आणि गहू. तेव्हा मला जरा नवल वाटलं होतं, कारण तो गहू टरफलासकट होता. ओटीला कुणी न कांडलेला गहू घालत नाही. पण घाई होती, मी पदरात घेतला, नमस्कार केला आणि निघाले.

वीस किलोमीटर गेल्यावर कळलं की सतरा नंबरचं पाकीट मगदूमांच्या सोप्यावरच राहिलं.

"परत फिरवू?" मामांनी विचारलं होतं. पुढच्या गावात लोक खोळंबले होते. मला वैताग आला. मी ओटीतला गहू पाहिला. खपलीच होती. त्याच घरची, त्याच बाईच्या हातची. काय फरक पडतो? मी नवीन पाकीट घेतलं, ओटीचा गहू त्यात ओतला, वर लिहिलं सतरा. मामा आरशातून बघत होते.

"मॅडम, ओटीचा गहू असा पाकिटात घालत नाहीत. घरी नेऊन शिजवून खातात."

"मामा, मी शास्त्रज्ञ आहे," मी म्हणाले होते. काय तोरा तो माझा! रजिस्टरात नोंद तशीच राहिली: भूपाल मगदूम, पोत्यातलं बियाणं.

मगदूमांच्या दारात जीप थांबली तेव्हा हौसाक्का सोप्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, उंच, कानात भरगच्च बुगड्या. मला बघून त्यांनी कपाळावर हात धरून नीट पाहिलं.

"अगं बया! ओटीवाली बाई! ये ये. एकटीच आलीस व्हय? पोरगं-बिरगं काय हाय का न्हाई अजून?"

"नाही अजून, आक्का."

"मग म्या घातलेल्या गव्हाची खीर केली न्हाईस तू," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मला राहवलं नाही. कसं काय कोण जाणे, दीड वर्ष सरांना जे सांगितलं नव्हतं ते त्या सोप्यावर बसल्या बसल्या भडाभडा सांगून टाकलं. पाकीट विसरले, ओटीचा गहू वापरला, तो डोंगरावर पेरला, आणि त्याच्यावर तांबेऱ्याचा एक डागसुद्धा पडला नाही.

आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेंगांचं सूप कलंडलं. "आवो, ऐकलंसा का?" त्या आत बघून ओरडल्या. "माझ्या ओटीचा गहू हिनं सरकारी डोंगरावर पेरला!"

अण्णा बाहेर आले. खाटेवर बसले, तंबाखू मळत म्हणाले, "ओटीचा? पोत्यातला न्हवं?"

"नाही अण्णा. चुकलं माझं."

"चुकलं ते बरंच झालं. पोत्यातला पेरला असतास तर भाजून गेला असता. यंदा बी माझं रान निम्मं लाल झालं."

म्हणजे अण्णांच्या पोत्यातला गहू सतरा नंबरशी जुळणारच नव्हता. मी विचारलं, "मग ओटीचा गहू कुठला, आक्का?"

"कुठला म्हंजे? वाफ्यातला. चल, दावते."

विहिरीच्या मागे, केळींच्या आडोशाला, चार पावलं रुंद आणि दहा पावलं लांब असा एक वाफा होता. त्यात गहू उभा होता, पण असा विचित्र गहू मी कुठल्याच शेतात पाहिला नव्हता. एक ओंबी आखूड, शेजारची लांब. एकीची कुसळं पांढरी, दुसरीची काळी. आमच्या संस्थेच्या शेतात असलं काही दिसलं असतं तर सरांनी उपटून टाकायला लावलं असतं.

"ह्यो बायकांचा वाफा," आक्का म्हणाल्या. "मालक ह्यात पाय ठेवत न्हाईत. आमच्या घरची रीत हाय. सून येती तवा माहेरनं ओटीत मूठभर गहू घेऊन येती. तो शिजवायचा न्हाई. सासू तो ह्या वाफ्यात पेरती. आणि ह्यातलं पीक कुणाच्या पोटात जात न्हाई. लेकी-बाळींच्या ओटीला तेवढं वापरायचं, राहिलेलं पुना पेरायचं."

"म्हणून टरफलासकट!"

"पेरायचा गहू कांडतंय का कोण?"

मी त्या वाफ्याच्या बांधावर फतकल मारून बसले. माझं डोकं भराभर चालायला लागलं. "आक्का, सगळ्यांचा गहू एकत्रच पेरता?"

"एकत्रच. बायका काय एकेकट्या राहत्यात व्हय घरात?"

"आणि पुढच्या वर्षीचं बियाणं कसं निवडता?"

आक्का जरा लाजल्या. "त्याचं बी एक हाय. सासूनं शिकिवलंय. जी ओंबी एकाच घरची दिसती ती सोडायची. जी दोन्हीकडची दिसती ती राखायची. म्हंजे बुडका हिकडचा आणि कुसळ तिकडचं, अशी. सासर-माहेर जमलं म्हणायचं त्या रोपाचं."

मी त्या बाईकडे बघतच राहिले. शंभरात एखादं फूल वाट चुकतं, असं सर म्हणाले होते. ते एखादं चुकलेलं फूल शोधून काढायला आम्हाला लाखो रुपयांची यंत्रं लागतात. आणि या घरातल्या बायका सत्तर-ऐंशी वर्षं दरसाल नेमकं तेच, डोळ्यांनी बघून, निवडून ठेवत होत्या. सतरा नंबर कुणीतरी हातानं घडवलाय हे सरांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

"कोणकोणाचा गहू आहे यात?" मी वही काढली.

आक्कांनी बोटं मोजली. आजेसासू जतकडची. सासू कागलकडची. आक्का स्वतः मिरजेच्या पलीकडच्या, त्यांच्या माहेरी बन्सी गहू. आणि सून तासगावची. मी चारी गावं, घरांची नावं लिहून घेतली. अण्णा बांधावर येऊन उभे होते, वाफ्यात पाय न ठेवता. आक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बोटं मिटली.

"झालं. एवढ्याच," त्या म्हणाल्या.

परत येताना कराड लागलं. मामांनी चहाला गाडी थांबवली.

"मग? काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"मामा, खरं सांगितलं तर सर मला काढतील. खोटी नोंद केलेल्या विद्यार्थ्याला ते ठेवत नाहीत. मागे एकाला त्यांनी अशाच कारणासाठी घरी पाठवलं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"लेबलची चूक. सतरा नंबर कचऱ्यात. मला बावीस नंबर आणि पदवी."

मामांनी बशीत चहा ओतला. "बावीस नंबरला तांबेरा येतो का?"

"येतो."

"मग त्याच्यावर पदवी कशाची मिळणार?" असं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली. मला त्यांचा इतका राग आला! पण त्यांचं बरोबर होतं.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला.

"किती लांब गेला होतात तुम्ही?"

"वीस किलोमीटर, सर."

"म्हणजे वीस किलोमीटर मागे जायचा कंटाळा केलास."

"हो सर."

"आणि दीड वर्ष माझ्यासमोर बसून जिलबी खाल्लीस."

तिथे मात्र माझा बांध फुटला. मी ढसाढसा रडले. सर टेबलावरचं रजिस्टर उघडून बघत बसले. माझं रडं ओसरल्यावर म्हणाले, "ती काय म्हणाली? ओंबीबद्दल. परत सांग."

"जी दोन्हीकडची दिसते ती राखायची."

"दोन्हीकडची." त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला. मग ताडकन उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "किती वर्षं?"

"सत्तरच्या वर, सर."

"मूर्ख मुली!" ते ओरडले. "अगं, हे तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर! इतके दिवस मी तुकडे कुठून आले म्हणून डोकं फोडून घेतोय!" मग खाली बसले आणि आवाज पुन्हा कोरडा झाला. "लाल पेन घे. नोंद खोडू नकोस, खाली खरी नोंद लिही. समितीसमोर ती तू स्वतः वाचायचीस. त्यांनी काढा म्हटलं तर मी तुझी बाजू घेणार नाही. आणि आतापर्यंतचा प्रबंध विसर. नव्यानं लिहायचा."

समितीत पाच जण होते. मी उभी राहून वाचलं: "सतरा नंबरचे बियाणे भूपाल मगदूम यांच्या पोत्यातील नसून माझ्या ओटीतील आहे." एक जण खुदकन हसला. दिल्लीहून आलेल्या म्हाताऱ्या बाईंना कुणीतरी 'ओटी' म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं आणि दहा मिनिटं आपापसात कुजबुज केली. मला वाटलं, संपलं. शेवटी त्या म्हणाल्या, चारी गावांचं बियाणं आणा, तुकडे जुळवून दाखवा. एका हंगामाची मुदत. नाही जुळलं तर गाशा गुंडाळा.

पुढचे काही महिने मी आणि मामा गावोगाव हिंडलो. जत, कागल, मिरजेपलीकडे, तासगाव. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कणगीत जुनं बियाणं मिळालं. दोन ठिकाणी माझी पुन्हा ओटी भरली. दोन्ही वेळा मी घरी येऊन खीर केली, मामांना डबा दिला. मग लॅबमध्ये एकेक गहू सतरा नंबरशी ताडून बघायचा. खपलीचा जीनोम माणसाच्या जवळजवळ चौपट मोठा, आणि तेव्हा त्याचा सलग नकाशाही कुणाकडे नव्हता. खुणा शोधत शोधत जायचं. डोळे फुटायची वेळ.

पहिला तुकडा जुळला: आजेसासू, जत. दुसरा जुळला: सासू, कागल. तिसरा खुद्द हौसाक्कांचा बन्सी, तो तर लगेच ओळखू आला. पाचवा लहानसा, तासगावच्या सुनेचा. लॅबमधली पोरं प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायची. आणि चौथा कुणाशीच जुळेना. नेमका तोच, तांबेऱ्याला अडवणारा. मी तीनदा तपासलं.

"अगं, बाईंना विचार," सर म्हणाले. "कुणीतरी सांगायचं राहिलंय."

मी गेले त्या दिवशी अण्णा सांगलीला बाजाराला गेले होते. आक्का एकट्याच होत्या. मी कागद पसरून पाच तुकडे दाखवले. ह्या तुमच्या आजेसासू, ह्या सासू, ह्या तुम्ही, ही सून. त्यांना भारी गंमत वाटली. स्वतःच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मीच सगळ्यांत लांब दिसतीया!"

"आणि ही कोण, आक्का?" मी चौथ्यावर बोट ठेवलं. "तांबेऱ्याला हीच अडवते. ती नसती तर सतरा नंबरही लाल झाला असता."

आक्कांचं हसू गेलं. त्या उठल्या, दारापर्यंत जाऊन आल्या, परत बसल्या.

"सुमती," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं.

"आमच्या मालकांची पयली बायको. अथणीच्या पलीकडची, कानडी मुलखातली. लगीन होऊन वरीस झालं आणि बाळंतपणात गेली. मूल बी गेलं. सासूनं तिचं नाव घराबाहेर टाकलं. अपशकुन झाला म्हंली. फोटू न्हाई, लुगडं न्हाई, काय म्हंता काय ठेवलं न्हाई. मी आले तवा सतरा वर्सांची. मला शेजारणीनं सांगितलं म्हणून कळलं."

"आणि तिचा गहू?"

"तो वाफ्यात हुता. काळ्या कुसळाचा. सासू म्हंली, हौसा, ती काळी कुसळं उपट. मी उपटायला गेले. मला वाटलं, ही बी माझ्यावानीच ओटीत गहू बांधून आली आसंल की गं. रडत आली आसंल. एवढंच तर राहिलंय तिचं. मी सासूला म्हंलं, उपटली. आणि माझ्याच गव्हाच्या मधी चार दाणं टोकलं. पुढं काळं कुसळ आणि माझा बुडका, अशी ओंबी आली. ती मी राखली. दर साली राखली. कुणालाच सांगितलं न्हाई. मालकांम्होरं तर तिचं नावच काढत न्हाई कोण."

माझ्या डोळ्यांना धार लागली. आक्का मलाच ओरडल्या, "तुला काय झालं रडायला? च्या पी."

त्यांनी सांगितलेल्या गावात सुमतीचा धाकटा भाऊ सापडला. साठीचा म्हातारा. तिकडे खपलीला जवेगोधी म्हणतात. त्याच्या घरी अजून तीच होती, काळ्या कुसळाची. बहिणीचं नाव ऐकून त्यानं मला किती गहू देऊ आणि किती नको असं केलं. पाच किलो घेऊन आले. चौथा तुकडा शंभर टक्के जुळला. समितीनं माझा गाशा गुंडाळला नाही. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली, आणि सर माझ्या मौखिक परीक्षेला हजर असलेल्या सगळ्यांना 'हिची ओटीची गोष्ट ऐका' म्हणून सांगत सुटले.

मग सतरा नंबरला नाव द्यायची वेळ आली. आमच्या संस्थेचा एक अर्ज असायचा, त्यात वाणाचं नाव आणि खाली ज्याच्या जमिनीतून आला त्याची सही. मी आक्कांना फोन करून विचारलं, "तुमचं नाव देऊ? हौसा?"

"माझं कशाला? मी काय तांबेरा अडवला व्हय? जिनं अडवला तिचं दे."

"अण्णांना चालेल?"

"ते मी बघते."

पण आक्कांनी काही बघितलं नव्हतं. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा अण्णांना कशाचाच पत्ता नव्हता. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. वाफ्यात नुकती पेरणी झाली होती. सोप्यावर सून चकल्या घेऊन आली, मामांनी तीन उचलल्या. मी अण्णांच्या हातात कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलासारखं बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले.

"गव्हाचा प्रकार, खपली. गाव... तालुका... हां. वाणाचं नाव..."

बोट थांबलं. सून चकलीचं ताट हातात धरून तशीच उभी राहिली. मामांनी तोंडातली चकली चावायची बंद केली. मला वाटलं, आता म्हातारा कागद फाडतो.

"हिला हे नाव कुणी सांगितलं?" अण्णांनी कुणाकडेच न बघता विचारलं.

"मी," आक्का म्हणाल्या.

"तुला काय माहीत?"

"तिचा गहू वाफ्यात हाय. मी आले तवापासनं हाय. आईंनी उपटायला सांगितलं, मी न्हाई उपटला. ह्या पोरीच्या मशिनीत दिसलाय तो. त्यो एवढा तुकडा तिचा हाय आणि त्याच्यानंच गव्हाला रोग लागत न्हाई."

अण्णांनी त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. पंचेचाळीस वर्षं त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, आणि आता ते त्यांच्या स्वतःच्या बोटाखाली होतं.

"म्हंजे," ते शेवटी म्हणाले, "ती आजून रानातच हाय म्हणायची."

"हाय की," आक्का म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्सं तिला पाणी कोण पाजतंय? मीच न्हवं?"

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला, आणि माझ्याकडे पेन मागितलं.